तेजाब खात्यातला गूळ

माझं तोंड जरा जास्तच चालतं, हे मला लहानपणापासून ऐकवलं गेलं आहे. माझं माहेर साकोलीकडचं, तलावाकाठचं गाव. माय तिथे दारात बसून शेजारणींना सांगायची, "या पोरीच्या तोंडाले कुलूप लावून सासरी धाडा लागते." कुलूप कोणी लावलं नाही आणि मी तशीच कारध्याला आले.

हे म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती, आणि आता म्हातारपणी ती मोडायची मला काही घाई नाही. हे कारध्याच्या खडी गंमतीत, म्हणजे आमच्याकडच्या उभ्याने रंगणाऱ्या तमाशात, गायचे. ढोलकी, टाळ, मागे झील धरणारे, आणि पुढे हे, डोक्याला फेटा, एक हात कानावर. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, लेकी माहेरी येतात, आणि दुपारी चौकात गंमत उभी राहते. तेव्हा यांना चारी दिशांनी बोलावणं यायचं. यांचा आवाज वैनगंगा ओलांडून भंडाऱ्यात ऐकू जातो, असं लोक म्हणायचे. खोटं बोलायचे, पण मला आवडायचं. लग्नाआधी मी यांना आमच्या मंडईत ऐकलं होतं, गर्दीमुळे पाहिलं मात्र नव्हतं. पुढे हे मला बघायला आले तेव्हा मी मान खाली घालूनच बसले होते. यांनी पाणी मागितलं, मी आवाज ओळखला आणि मनातल्या मनात हो म्हणून टाकलं. हे मी यांना कधी सांगितलं नाही. उगाच डोक्यावर चढून बसले असते.

पण गाण्यावर घर चालतं थोडंच. धानाच्या बांध्या सासरे आणि मोठे दीर बघायचे, आणि हे शहापूरकडे हायवेला लागून असलेल्या तारेच्या कारखान्यात जायचे. पहाटे सायकल काढायची, नदीवरचा पूल ओलांडायचा, भंडारा मागे टाकायचं आणि पुढे. सत्तरच्या दशकातली गोष्ट सांगते आहे. तेव्हा कारखान्यातला जावई म्हटलं की माहेरच्या लोकांची छाती फुगायची.

कारखान्यात तार व्हायची ती विजेच्या मोठ्या लाइनीची. शेतातून ते उंच मनोरे जातात ना, त्यावरची. भिलाईकडून ट्रकने सळईची वेटोळी यायची, करंगळीएवढी जाड, काळपट, अंगावर पापुद्रा धरलेली. ती आधी तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या, हौदात बुडवायची, म्हणजे पापुद्रा आणि गंज निघून जातो. मग पाण्यात, मग चुन्यात. मग ती डायच्या भोकातून ओढून बारीक करायची, भट्टीतून काढायची, पुन्हा ओढायची, आणि शेवटी वितळलेल्या जस्तातून न्यायची. बाहेर येते ती पांढरी चकचकीत तार. हिच्याभोवती दुसऱ्या कारखान्यात ॲल्युमिनियमच्या तारांचा पीळ घालतात. हे मला अंगणात बसून सांगायचे, "वीज जाते ते वरच्या ॲल्युमिनियममधून. पन ओझं उचलते ते आतली आपली तार. ते तुटली तर सगळंच खाली." आपली म्हणायचे. जसं काही यांच्या वडिलांनी पेरली होती.

हे तेजाब खात्यात होते. चेनपुलीला वेटोळं लटकवायचं, हौदात सोडायचं, हलवायचं, बघायचं, काढायचं. लवकर काढलं तर पापुद्रा राहतो आणि पुढे जस्त धरत नाही. जास्त ठेवलं तर पोलाद ठिसूळ होतं. तपासणीवाले तार तिच्याच जाडीच्या तारेभोवती गच्च गुंडाळून बघायचे, आणि जस्ताची साल सुटली की पहिलं बोट तेजाबवाल्यांकडे. यांचा हात बसलेला होता, म्हणून साहेब यांना तिथून हलवत नसे. चांगलं काम करायची ही शिक्षा.

हौदातून धूर उठायचा. तो ओढून घ्यायला वर मोठा पंखा होता, पण त्याची मोटर सारखी जळायची आणि महिनोन्‌महिने नागपूरला दुरुस्तीला पडून राहायची. यांच्या सदऱ्यांना बारीक बारीक भोकं पडायची. मी ठिगळ लावायची आणि बडबडायची. पुढे पुढचे दात झिजायला लागले, कडा पातळ, काचेसारख्या. मला वाटलं खर्रा, तो सुपारी-तंबाखूचा. सगळा भंडारा जिल्हा खर्रा खातो, हेही खायचे. मी असं भांडले की यांनी खर्रा सोडला. दात झिजायचे थांबले नाहीत.

आणि रोज संध्याकाळी गूळ यायचा. सायकलची घंटी वाजली की पोरं धावत सुटायची, आणि हे खिशातून फडक्यात बांधलेला गुळाचा खडा काढायचे. अर्धा पोरांना, उरलेला मला. मी त्याचा चहा करायची, सणाला पुरणात घालायची. कारखान्यातून मिळतो, एवढंच सांगितलं होतं. मला वाटलं, मोठा कारखाना आहे, मालक सज्जन असेल, वाटत असेल गूळ. शेजारणींपुढे मी थोडा तोराही मिरवून घेतला.

त्या वर्षी मंडईच्या आधी आमच्या अंगणात गंमतीची तालीम चालली होती. यांनी वरची पट्टी धरली आणि आवाज मधेच फाटला. पुन्हा धरली, पुन्हा फाटला. झील धरणारे खाली बघायला लागले. ढोलकीवाला थांबला. हा ढोलकीवाला यांचा बालमित्र, आणि तेजाब खात्यातच यांच्या बाजूच्या हौदावर. तेवढ्यात आमचा लहाना गुळाचा खडा चोखत अंगणात आला. ढोलकीवाल्याने त्या खड्याकडे बघितलं आणि यांना म्हणाला, "तू बी घरीच आनते काय बे?"

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. म्हटलं, "आनते म्हंजे? मंग काय करा लागते गुळाचं?"

तो गडबडला. यांनी डोळ्यांनी दाबायला बघितलं, पण मी समोरून हटते होय. शेवटी तो म्हणाला, "वयनी, हा गूळ तेजाबवाल्याइलेच देते. धूर गळ्यात बसू नये म्हनून. तिथंच, हौदापाशीच खा लागते."

"मंग खात काहून नाई?"

हे तेव्हा बोलले, आणि इतकं साधं बोलले की मला आजही तसंच्या तसं ऐकू येतं. "पोट्टे घरी असताना मानूस एकटा गूळ खाते काय?"

ढोलकीवाल्यानेही मान हलवली. मग कळलं की तेजाब खात्यातला एकही माणूस तो गूळ खात नव्हता. सगळे धानवाल्यांचे लेक. घरात गोडाचं काही आलं की आधी लेकरांच्या हातावर ठेवायचं, हे ज्यांच्या अंगात मुरलेलं, त्यांना तुम्ही औषध म्हणून गूळ देता. मुकादम सुट्टीत गुळाची भेली फोडून वाटायचा, हे सगळे फडक्यात बांधायचे, आणि संध्याकाळी गावोगावच्या पोरांच्या तोंडात ते औषध जायचं. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. यांचा आला, मुकादमाचा आला, त्या गुळाचाही आला.

दुसऱ्या दिवशी मी भंडाऱ्याहून एसटी धरली आणि कारखान्याच्या गेटवर जाऊन उभी राहिले. पदरात आदल्या दिवसाचा खडा. चौकीदार म्हणाला, बाईमाणसाला आत जाता येत नाही. मी म्हटलं, मग साहेबाला बाहेर बोलाव. तो हसला. मी तिथेच दगडावर बसले. ट्रक आले, गेले. शिफ्ट सुटायची वेळ व्हायला लागली तसा चौकीदाराला घाम फुटला, कारण चार माणसांत ही बाई काय बोलेल याचा भरवसा नव्हता. त्याने मला आत नेलं.

साहेब पुण्याकडचा होता, मऊ बोलणारा. मी टेबलावर गूळ ठेवला आणि सगळं सांगितलं. दात सांगितले, आवाज सांगितला. तो ऐकत होता, हे कबूल करायला पाहिजे. म्हणाला, "बाई, उद्यापासून मुकादमासमोर खायला लावतो."

"गूळ खाऊन धूर कमी होते काय, साहेब?"

तो म्हणाला, पंख्याची मोटर आली की बसवू. लाइनीची मोठी ऑर्डर आहे, काम थांबवता येत नाही. मी म्हटलं, "काम चालू ठेवा. माझ्या मानसाले तिथून काढा. त्याले गा लागते." हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं देव जाणे. कारखान्याच्या साहेबाला काय करायचं कोणाच्या गाण्याशी. पण तो हसला नाही. म्हणाला, "बदली माणूस मिळाला की त्याला बॉबिन खात्यात देतो. तयार तार गुंडाळायचं काम. तिथं धूर नाही. शब्द देतो."

जाताना त्याने मला दारातून ते तेजाब खातं दाखवलं. हे पाठमोरे होते, तोंडाला फडकं बांधलेलं, आणि हौदावरून पांढरा धूर यांच्या खांद्यापर्यंत आला होता. माझा घसा दारातच खवखवला. मी हाक मारली नाही.

घरी आल्यावर यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. बायको गेटवर आली, यापेक्षा मोठी बेइज्जती आमच्याकडे नाही. त्यात मुकादमाने नवा कायदा लावला. सुट्टीत सगळ्यांना ओळीने उभं करायचं, गूळ हातावर ठेवायचा, आणि गिळेपर्यंत समोर उभं राहायचं. मिशीवाले बाप्पे, आणि तोंड उघडून दाखवा म्हणे. बाकीच्या खात्यातले बघायला यायचे. "तुझ्या बायकोनं आमची शाळा भरवली गा," असं ढोलकीवाला यांना रोज म्हणायचा. हे ऐकून घ्यायचे. अबोला मात्र मलाच जड जात होता. एक दिवस मी भाकरी थापता थापता म्हटलं, "बोलाचं नसेल तर नका बोलू, पन गूळ गोड लागते का तेवढं सांगा." हे फसकन हसले, आणि मिटलं.

मंडई आली. यांना वाटलं, गूळ खाल्ला, हळद-दूध घेतलं, आवाज साथ देईल. आमच्याच गावच्या चौकात, दुपारच्या उन्हात, सगळं गाव आणि पाहुणे बसलेले. सुरुवातीचा गण चांगला झाला. मग वरची पट्टी आली, यांनी कानावर हात ठेवला, तोंड उघडलं, आणि आवाज निघालाच नाही. फाटला नाही, निघालाच नाही. झीलवाल्यांनी घाईने ओळ उचलली, ढोलकीवाल्याने थाप वाढवली. लोकांनी ओरडा केला नाही, शिट्ट्याही मारल्या नाहीत. मला तेच सहन झालं नाही. यांनी फेटा काढून झील धरणाऱ्या एका पोराच्या डोक्यावर ठेवला आणि मागे जाऊन टाळ हातात घेतले. पुढची गंमत त्या पोराने गायली. हे टाळ वाजवत होते आणि प्रत्येक शब्द ओठांनी म्हणत होते. मी बायकांच्या गर्दीत बसून ढसाढसा रडले, आणि शेजारणीने विचारलं तर डोळ्यात धूळ गेली म्हटलं.

डॉक्टरने घसा बघितला. म्हणाला, जे गेलं ते गेलं, पण आता धुरातून निघाले तर श्वास तरी शाबूत राहील. तेव्हापासून माझं एकच सुरू झालं, बदली माणूस कधी मिळतो. हे घरी आले की पाण्याच्या आधी मी तेच विचारायची. तेजाबात यायला कोणी तयार नव्हतं. जवळच्या गावांना आता त्या खात्याची कीर्ती कळली होती, आणि ती मीच पसरवली होती.

याच दरम्यान मायचा निरोप आला की धाकट्याला कुठेतरी चिकटवा. माझा धाकटा भाऊ दहावीत आपटला होता. घरच्या बांध्या मोठ्या भावांना पुरत नव्हत्या, आणि याचं लग्न ठरायचं तर मुलीवाले आधी विचारायचे, पोरगा करतो काय. यांनी मुकादमाकडे शब्द टाकला होता. कुठल्याही खात्यात घ्या म्हटलं होतं, तेजाब सोडून. मुकादम हो म्हणाला होता.

एका दुपारी हे लवकर घरी आले. दारातच म्हणाले, "सुटलो. सोमवारपासून बॉबिनवर. बदली मानूस येईतोवर माझा हौद बाजूचे सांभाळतीन." आवाज घोगरा, पण चेहरा असा की पाहत राहावं. मी त्या दिवशी देवापुढे दिवा लावला, पोरांना शिरा केला, आणि शेजारी वाटीभर देऊन आले. बॉबिन खातं म्हणजे स्वच्छ. चकचकीत तार फिरत्या रिळावर सारखी बसते आहे ना, एवढं बघायचं. हे घरी यायचे तेव्हा अंगाला नुसत्या लोखंडाचा वास. रात्रीचा खोकला हळूहळू उतरला. मी जिंकले होते, आणि जिंकल्यावर मी कशी वागते ते यांना विचारा. दिवसातून चारदा ऐकवायची, "मी गेटवर गेली म्हनून."

मग भाऊ आला. हातात पत्र्याची पेटी, डोक्याला तेल चोपडलेलं, तोंडभर हसू. ओसरीवर पेटी आपटली आणि मला वाकून म्हणाला, "बाई, लागलो. मुकादमानं कालच निरोप धाडला. माय गावभर साखर वाटून राहिली."

मला इतका आनंद झाला की मी त्याला आधी पाणीसुद्धा दिलं नाही. म्हटलं, "कोनतं खातं?"

"तेजाब," तो म्हणाला. "भाऊजीच्याच जागेवर घेतलं मले."

त्याला तो मान वाटत होता. भाऊजींची जागा. मी खाली बसले. मग जे तोंड सुटलं ते सुटलं. परत जा म्हटलं, आत्ताच्या आत्ता जा. तो बिचारा घाबरला. म्हणाला, "बाई, गावाले सांगून आलो. मुलगीवाल्याइनं होकार कळवला. आता परत जाऊन काय तोंड दाखवू?" मी म्हटलं, तोंड राहिलं तर दाखवशील. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. विसाव्या वर्षी माणसाला घसा आहे हेच माहीत नसतं.

हे तेवढ्यात आले होते. सायकल भिंतीला लावून सगळं ऐकत उभे होते. मुकादमाने शब्द मोडला म्हणून शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. यांनी माझ्या भावाची पेटी उचलून आत ठेवली.

दुसऱ्या दिवशी दोघं बरोबर गेले. संध्याकाळी भाऊ उड्या मारत आला. "बाई, मले बॉबिनवर घेतलं. भाऊजी मुकादमाशी बोलले."

हे मागून आले. मी सदऱ्याकडे बघितलं नाही, बघायची गरज नव्हती. न्हाणीपाशी पाणी द्यायला गेले तेव्हा विचारलं, "काहून केलं असं?"

"माझं जाचं होतं ते गेलं," हे म्हणाले. "त्याचं अजून हाय."

"डॉक्टरनं काय सांगतलं होतं?"

"ऐकलं म्या बी."

मी म्हटलं, मी उद्या पुन्हा साहेबाकडे जाते. हे म्हणाले, "जाय. मंग तो मुकादम तुझ्या भावाले हौदावर धाडन. दुसरा कोन हाय त्याच्यापाशी?" मग माझा हात धरला. आमच्यात तो कधी दिवसाउजेडी धरला जात नाही. "अन् त्याले सांगू नको. तुले माझी आन हाय. समजलं त्याले तर तो राहाचा नाई, अन् लग्न मोडन." हात ओला होता, तेजाबाचा वास येत होता, आणि मला तो सोडवत नव्हता. एकीकडे नवरा, एकीकडे पाठचा भाऊ. मी कोणासाठी भांडू, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळेना.

यांनी भावाला काय सांगितलं होतं ते मला जेवताना कळलं. बॉबिनवर दिवसभर उभं राहून पाय भरून येतात, तेजाबाची सवय आहे, तिथेच करमतं, असं. माझा भाऊ भाताचे घास घेत घेत मला समजावू लागला. "बाई, तू भाऊजीले सांग ना. तू एवढी गेटवर जाऊन भांडली, तवा कुठं ते सुटले. अन् हे आपल्या हौसेनं परत गेले. बायकोच्या जिवाची काही कदर नाई काय मानसाले?"

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. आन आठवली आणि सगळा राग त्याच्यावरच निघाला. "चूप बस," मी ओरडले. "त्याइच्याबद्दल एक शब्द बोलशील तर ताट उचलून नेईन. खाचं असेल तर खाली मान घालून खा."

त्याचा घास हातातच राहिला. बिचारा माझ्याकडे बघत बसला, आपलं काय चुकलं म्हणून. ओसरीवरून यांचा आवाज आला, घोगरा, नीट ऐकूसुद्धा येत नव्हता. "जेवू दे वं त्याले."